सातवा महिना: वरचं खाणं जिभेने बाहेर ढकलते, शी कडक होते. खिमट-सत्वाची नेमकी मापं हवीत

मऊदुपटं

मुलगी ७ महिने १० दिवसांची आहे. जन्मवजन २.८ किलो, सहा महिने पूर्ण झाले तेव्हा ६.८, परवा अंगणवाडीत ७.१ भरलं. अंगावरचं दूध दिवसरात्र मिळून ७-८ वेळा. वरचं खाणं सुरू करून ४० दिवस झाले. सकाळी नाचणीचं सत्व, दुपारी डाळीचं पाणी नाहीतर भाताची पेज, संध्याकाळी अर्धं केळं.

अडचणी अशा. चार-पाच चमचे झाले की घास जिभेने बाहेर ढकलते आणि मान फिरवते. शी तीन-तीन दिवस होत नाही, झाली तर लेंड्यांसारखी, आणि तेव्हा रडते. जरा घट्ट दिलं की उबळ येते, म्हणून सगळं मिक्सरमधून फिरवून वर गाळून देतो. वजन तर अगदीच हळू वाढतंय. घरात म्हणतात गुटीत मध घाला, गायीचं दूध निम्मं पाणी घालून सुरू करा, आणि खात नसेल तर मांडीवर आडवी घेऊन बोंडल्याने पाजा.

कृपया तांदूळ-डाळीचं प्रमाण, पाणी, तूप सगळं मापाने सांगा. 'थोडं थोडं देत जा' हे सगळेच सांगतात, त्यातून हातात काही येत नाही.

पळीभर

आधी वजनाचं, कारण बाकी सगळी घाई त्यातून होतेय. पहिल्या तीन महिन्यांत बाळ रोज २५-३० ग्रॅम वाढतं, सहा महिन्यांनंतर हाच वेग १०-१३ ग्रॅमवर येतो. म्हणजे महिन्याला ३००-४०० ग्रॅम. तुमची मुलगी ४० दिवसांत ३०० ग्रॅम वाढली, हे थोडं खालच्या बाजूला आहे, पण काळजीचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मुलींचं मधलं वजन सहाव्या महिन्याला ७.३ आणि सातव्याला ७.६ किलो आहे. तुमची दोन्ही वेळा त्या रेषेच्या जवळजवळ सारख्याच अंतराने खाली आहे. माता-बाल संरक्षण कार्डातल्या तक्त्यावर दोन्ही टिंबं मांडून जोडा. रेघ छापील रेषांना समांतर चढत असेल तर बाळ आपल्या वाटेने वाढतंय. रेघ आडवी झाली किंवा खालच्या पट्ट्यात उतरली तर डॉक्टरांना दाखवायचं. वजन दर वेळी एकाच काट्यावर, लंगोट काढून. भरलेला डायपर सहज दीडदोनशे ग्रॅमचा असतो, तेवढ्याने निम्म्या महिन्याची वाढ खोटी दिसते.

आता खाण्याचं. तुमच्या यादीत दुपारचं जेवण म्हणजे जवळपास पाणीच आहे. बाळाचं पोट किलोमागे साधारण ३० मिली मावेल एवढं, म्हणजे तुमच्या मुलीचं जेमतेम २१० मिली. वाटीभर डाळीचं पाणी गेलं की पोट भरतं, दूधही कमी प्यायलं जातं, आणि अंगी लागायला काही नसतं. अंगावरचं दूध चालू असलेल्या ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला वरच्या खाण्यातून दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी हव्या असतात. ९ ते ११ महिन्यांत ३००, वर्षानंतर ५५०. हा २०० चा आकडा डोक्यात ठेवलात की ताटलीकडे बघायची नजर बदलते.

खिमटाचं पीठ: ३ वाट्या तांदूळ, १ वाटी सालाची किंवा पिवळी मूगडाळ, अर्धा चहाचा चमचा जिरं. तांदूळ-डाळ धुऊन पंचावर सावलीत पूर्ण कोरडी होऊ द्या. दाण्याचा आतला ओलावा गेला नाही तर पीठ आठवड्याभरात कुबट वास मारतं. मग मंद आचेवर वेगवेगळं भाजा, कारण डाळ तांदळाच्या आधी लाल होते. बारीक रव्याइतपत जाडसर दळा, मैद्यासारखं नको. कोरड्या बरणीत महिनाभर टिकतं.

एका वेळेला: २ मोठे चमचे सपाट भरून पीठ (साधारण २० ग्रॅम) आणि सुमारे १८० मिली पाणी. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं. उकळत्या पाण्यात टाकलंत तर बाहेरून शिजलेल्या, आतून कच्च्या गुठळ्या होतात आणि त्यांनीच पोट दुखतं. मंद आचेवर १०-१२ मिनिटं ढवळत शिजवा. उतरवल्यावर १ चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली, साजूक तूप. औषधाच्या झाकणावर ५ ची खूण असते, एकदा त्याने मोजून आपला घरचा चमचा ठरवून टाका. घरोघरचे चमचे ३ पासून ८ मिलीपर्यंत कसलेही असतात.

पिठाच्या साधारण ७० आणि तुपाच्या ४० मिळून ११० किलोकॅलरी झाल्या. असं दोनदा पोटात गेलं की दिवसाचं भागलं. म्हणून तूप हा लाड समजू नका. एवढ्याशा पोटात दाट ऊर्जा बसवायचा तोच सोपा मार्ग आहे.

दाटपणा तपासायचा तो असा: चमचा भरून तिरका करा. खिमट चमच्यावर टिकलं पाहिजे आणि हळूच गोळ्याने घसरलं पाहिजे. धार लागली तर ते पातळ आहे. निवल्यावर खिमट आणखी घट्ट होतं, म्हणून ही परीक्षा कोमट असताना घ्या, गॅसवर असताना नाही.

चार-पाच चमच्यांबद्दल: सुरुवातीला २-३ मोठे चमचे एका वेळेला पुरतात. तिथून आठवा महिना संपेपर्यंत २५० मिलीच्या वाटीची अर्धी वाटी, दिवसातून २-३ वेळा. मान फिरवणं म्हणजे 'पुरे'. तिथे थांबायचं. नाक दाबून किंवा हात धरून भरवलेलं बाळ पुढे चमचा दिसला तरी तोंड मिटतं.

ओलीपाटी

नाचणीवर थोडं सविस्तर लिहिते, कारण 'सत्व' या एका नावाखाली घरोघरी दोन वेगळ्या गोष्टी केल्या जातात आणि तुमच्या दुसऱ्या अडचणीचा त्याच्याशी संबंध आहे.

पहिली पद्धत जुनी. नाचणी भिजवून, वाटून, मलमलीतून दोन-तीनदा गाळायची. पातेल्यात ६-८ तास न हलवता ठेवलं की साका तळाशी बसतो. वरचं पाणी ओतून साका ताटात पसरून वाळवायचा. हे पचायला हलकं, पण फडक्यात जो कोंडा राहिला त्याच्याबरोबर तंतू गेले आणि कॅल्शियम-लोहाचा बराच भागही गेला. उन्हाळ्यात साका बसायला जास्त वेळ ठेवला तर आंबूस वास येतो. असा साका टाकून द्यावा, उन्हात वाळवला तरी तो सुधारत नाही.

दुसरी पद्धत मोड आणून पीठ करायची. १२ तास भिजवा (पाणी दोनदा बदला), फडक्यात सैल बांधून २४ ते ३६ तास मोड येऊ द्या. मोड दाण्याएवढा झाला की पुरे. लांबवलात तर बुरशीचा धोका आणि चवही कडवट. सावलीत कडकडीत वाळवा, तळहातांमध्ये चोळून मोड झाडून टाका, अगदी हलकं भाजून दळा, साध्या पिठाच्या चाळणीने चाळा. सात महिन्यांच्या बाळाला हेच द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. मोड आल्याने धान्यातलं लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं, आणि कोंडाही फार वाया जात नाही. शी कडक होणाऱ्या बाळाला गाळलेलं सत्व रोज देण्यात अर्थ नाही.

मोडाच्या पिठाचा आणखी एक उपयोग फार घरांत माहीत नसतो. मोड आलेल्या धान्यात स्टार्च तोडणारं अमायलेज हे विकर तयार होतं. दाट खिमट शिजवा, गॅस बंद करा, उकळी पूर्ण थांबून नुसती वाफ निघत असेल तेव्हा अर्धा चहाचा चमचा मोडाचं पीठ घालून ढवळा. पाच-सात मिनिटांत डोळ्यांदेखत ते सैल होतं. सगळं अन्न तेवढंच, एक थेंब पाणी न घालता गिळायला सोपं. मग पुन्हा २-३ मिनिटं उकळा. मोड आणताना ओलाव्यात जंतू वाढलेले असतात, त्यामुळे ही उकळी चुकवू नका. चूक होते ती दोन ठिकाणी: पीठ उकळत्या खिमटात टाकलं किंवा पीठ आधीच खमंग भाजलेलं असलं तर विकर मरतं आणि काहीही घडत नाही. म्हणून या कामासाठी न भाजलेलं मोडाचं पीठ छोट्या डबीत वेगळं ठेवा.

नाचणीत गूळ-साखर नको. वर्षाच्या आत मीठही वेगळं घालायचं नाही. जिरं, तूप, कुस्करलेलं पिकं केळं किंवा वाफवलेला खजूर चाळणीतून काढून, एवढ्यावर चव येते.

मऊदुपटं

चमच्याची परीक्षा आत्ताच केली. आमचं खिमट अक्षरशः धार लागून पडतंय. दोन प्रश्न. इतकं दाट दिल्यावर शी आणखी घट्ट नाही होणार? आणि उबळ आली की मी लगेच थांबते, ते बरोबर की चूक?

कोवळीपालवी

शीबद्दल मी सांगते. कडकपणा दाटपणामुळे येत नाही. तंतू, चरबी आणि पाणी यांचा मेळ नसला की येतो. तुमच्या यादीत पेज, गाळलेलं सत्व, गाळलेली डाळ आणि केळं आहे, म्हणजे केळं सोडलं तर तंतू जवळजवळ नाहीत. केळं अर्धपिकं असेल तर ते आणखी घट्ट करतं. सालीवर काळे ठिपके येऊन गर मऊ झालेलंच वापरा.

तीन दिवस शी न होणं हा आजार नाही, अंगावर पिणाऱ्या बाळांचं असं चालतं. बाळ लालबुंद होऊन दहा मिनिटं कुंथलं आणि मग मऊ शी झाली, तर तेही बद्धकोष्ठ नाही, पोट दाबणं आणि खालचा स्नायू सैल सोडणं एकाच वेळी जमायला त्यांना वेळ लागतो. पण तुमच्याकडे शी लेंड्यांसारखी कोरडी आहे, तेव्हा उपाय करायला हवा.

आजपासून पाच दिवस केळं आणि शिजवलेलं सफरचंद थांबवा. रात्री ८-१० काळ्या मनुका उकळून गार केलेल्या पाण्यात भिजत घाला, सकाळी त्याच पाण्यात कुस्करून चाळणीतून काढा. साल आणि बी चाळणीवरच राहिली पाहिजे. तो गर २-३ चहाचे चमचे सकाळी. दुपारच्या खिमटात वाफवून कुस्करलेला १ मोठा चमचा भोपळा किंवा दुधी, आणि तूप. संध्याकाळी पिकी पपई किंवा नाशपाती २ मोठे चमचे. उकळून गार केलेलं पाणी दर खाण्याबरोबर वाटीतून घोट-घोट, दिवसभरात ६० ते १२० मिली. त्यापेक्षा जास्त नको, नाहीतर दुधाची जागा पाणी घेतं. आंघोळीआधी तेल लावताना बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सावकाश हात फिरवा आणि गुडघे पोटाशी नेऊन सायकलसारखे पाय हलवा. मोठ्या आतड्यातला मळ त्याच दिशेने सरकतो, म्हणून दिशा महत्त्वाची.

विड्याच्या पानाचं देठ किंवा साबणाची कांडी लावू नका. आतली त्वचा सोलते, मग दुखतं म्हणून बाळ शी धरून ठेवतं आणि ती आणखी वाळते. शीमध्ये रक्त, फुगलेलं टणक पोट, हिरवी उलटी, किंवा जन्मल्यापासूनच बद्धकोष्ठ असेल तर घरगुती उपायांत दिवस घालवू नये.

गुटीतला मध मात्र कटाक्षाने बंद. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मधातल्या जंतूंचे बीजाणू रुजून विष तयार करू शकतात. त्याची सुरुवातच बद्धकोष्ठाने होते, मग रडणं क्षीण होतं, मान ढिली पडते, चोखायची ताकद जाते. मध उकळूनही बीजाणू मरत नाहीत. घरातल्यांना 'गुटी वाईट' असं म्हणून वाद घालू नका, मधापुरतं ठाम राहा. बाकी सहाणेवर वेखंड-जायफळाचे किती वेढे गेले याचं माप कुणाकडेच नसतं आणि जायफळाने बाळ सुस्त होतं, त्यामुळे गुटी थांबवलेलीच बरी.

गायीचं दूध वर्षानंतर. आत्ता पाणी घालून दिलं तर पोट भरतं, लोह मिळत नाही, आणि शी आणखी पांढरट-कडक होते. खिमट शिजवताना दोन चमचे दूध किंवा घरचं दही कालवलं तर हरकत नाही.

काठावरचा

उबळ आणि घशात अडकणं हे वेगळं ओळखता आलं की निम्मी भीती जाते.

उबळीत आवाज असतो. बाळ खोकतं, ओकारीसारखं करतं, चेहरा लाल होतो, डोळ्यांत पाणी येतं, घास पुढे येतो. या वयात उबळीची जागा जिभेवर बरीच पुढे असते आणि जसजसे घास हाताळले जातात तशी ती मागे सरकते. त्यामुळे थांबा, पण घाबरून चमचा उचलून ठेवू नका. अर्धा मिनिट जाऊ द्या, बाळ शांत झालं की आधीच्या निम्मा घास द्या. अडकतं तेव्हा आवाज बंद होतो. खोकला येत नाही, रडू फुटत नाही, ओठ निळसर होतात.

तसं झालं तर: बाळाला पुढच्या हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा बोटांनी धरलेला. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ ठोके. निघालं नाही तर उताणं करून, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली छातीच्या हाडावर दोन बोटांनी ५ वेळा दाब. निघेपर्यंत पाळीपाळीने. घास डोळ्यांना दिसत नसताना तोंडात बोट घालू नका, तो आणखी आत जातो. दुसऱ्या कुणाला लगेच १०८ लावायला सांगा. बाळाची शुद्ध गेली तर छातीवर दाब देत श्वास देणं सुरू करावं लागतं. ते वाचून जमत नाही, एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावं.

बोंडलं नकोच. आडव्या बाळाच्या तोंडात ओतलेलं खिमट त्याने गिळायचं की श्वास घ्यायचा हे ठरवण्याआधीच घशात उतरतं. रडत असताना ओतलं तर सरळ श्वासनलिकेत जायची भीती. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, मांडीवर बसवून आपल्या समोर तोंड. चमचा उथळ घ्या, खालच्या ओठावर टेकवा आणि तिने तोंड पुढे आणायची वाट बघा. चमचा वरच्या हिरडीवर पुसून रिकामा केला की बाळ ओठ मिटायला शिकत नाही, आणि मग 'जिभेने ढकलते' असं वाटत राहतं. तिने स्वतः ओठांनी ओढून घेतलेला एक घास आपण लोटलेल्या तीन घासांपेक्षा खाली जास्त उतरतो.

मिक्सरचं काय: या आठवड्यात गाळणं बंद. पुढच्या आठवड्यात मिक्सरऐवजी पुरणयंत्राची मोठी जाळी. आठवा महिना संपेस्तोवर नुसतं बोटांनी किंवा काट्याने कुस्करून. ९-१० महिन्यांपर्यंत गुठळ्यांची सवय लागली नाही तर पुढे दोन वर्षांची मुलंही घासात भाताचं शीत आलं की ओकतात. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, लाह्या, द्राक्षं, कच्चं गाजर हे मात्र पाचव्या वर्षापर्यंत त्याच रूपात नको. शेंगदाण्याचं बारीक कूट खिमटात चालतं.

पळीभर

एक गोष्ट सगळ्यांच्या उत्तरांत मागे पडली: लोह. गर्भात यकृतात साठवलेलं लोह सहा महिन्यांच्या आसपास संपत येतं आणि आईच्या दुधात ते फार थोडं असतं. डाळ-तांदूळ-नाचणीवर एकट्यावर ही भर निघत नाही.

मांसाहारी घर असेल तर पूर्ण उकडलेलं अंडं, पिवळं-पांढरं दोन्ही, पाव अंड्यापासून. पहिल्यांदा सकाळी द्या, म्हणजे अंगावर चट्टे किंवा उलटी झाली तर दिवसा लक्षात येईल. काटे नीट काढलेलं पापलेट, शिजवून वाटलेलं चिकन. कलेजी आठवड्यातून एकदा एखादा मोठा चमचा, जास्त नको, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं. शाकाहारी असाल तर खिमट भरवायच्या क्षणी त्यात ४-५ थेंब लिंबू पिळा. शिजताना पिळलेल्या लिंबातलं क जीवनसत्त्व उष्णतेने जातं आणि लोह शोषायला त्याचीच मदत लागते.

सरकारी कार्यक्रमात ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत लोह-फॉलिक अॅसिडचं सिरप आठवड्यातून दोनदा १ मिली असतं, १ मिलीत २० मिलिग्रॅम लोह. आशाताई किंवा उपकेंद्रात विचारा. थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल किंवा ताप-जुलाब चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारून. खाण्यानंतर अर्ध्या तासाने द्या, दुधाबरोबर नको. शी काळी होते, ते अपेक्षित आहे. बद्धकोष्ठ चालू असताना सुरू केलंत तर शी अजून घट्ट होऊ शकते, म्हणून आधी मनुकांचे पाच दिवस करा, शी मऊ होऊ द्या, मग पहिला डोस.

मऊदुपटं

सगळं वहीत उतरवून घेतलं. मोडाची नाचणी आज भिजत घातली. घरी मधाचं बोलले, कोवळीपालवी यांनी लिहिलेली लक्षणं वाचून दाखवल्यावर सासूबाईंनी बाटली स्वतःच वरच्या फळीवर ठेवली. शेवटचा एक प्रश्न: उद्या-परवा खालचे दात हिरडीतून बाहेर येतील असं दिसतंय. दातांत खाणं कमी झालं आणि जुलाब लागले तर हे सगळं थांबवायचं का?

कोवळीपालवी

दातांनी लाळ, चिडचिड आणि दोन-तीन दिवस कमी खाणं एवढंच होतं. खिमट गार करून द्या, गार कोरडं फडकं चावायला द्या. पातळ पाण्यासारखे जुलाब दातांमुळे नसतात, हिरड्या शिवशिवतात म्हणून जमिनीवरच्या वस्तू तोंडात जातात त्यामुळे असतात. जुलाब लागले तर अंगावरचं दूध जास्त वेळा, प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली ओआरएस चमच्या-चमच्याने, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक २० मिलिग्रॅम रोज १४ दिवस, जुलाब आधी थांबले तरी. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या पूर्ण पाण्यातच कालवा, अर्ध्या पाकिटाचा अंदाज नको, आणि २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. खिमट थांबवायचं नाही. फक्त मनुका आणि पपई तेवढे दिवस बाजूला ठेवा, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्या. सहा-आठ तास लघवी झाली नाही, टाळू खोल गेली, डोळे आत गेले किंवा बाळ चमचाही घेईना, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.